नाखवाबाईंची प्लेट

ही गोष्ट १९८७ सालची. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते आणि ठाण्यात टेंभी नाक्याजवळ डॉक्टर टिपणिसांच्या लॅबोरेटरीत मला तेरा वर्षं झाली होती. खाली कापडाचं दुकान, वर आमच्या तीन खोल्या. पहिल्या खोलीत रक्त-लघवी घ्यायचे, दुसरीत डॉक्टरांचा मायक्रोस्कोप, आणि मागच्या, खिडकीच्या खोलीत जंतूंच्या कल्चरचं टेबल. ते टेबल माझं होतं. ठाण्यात कल्चर करणाऱ्या खाजगी लॅब तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. कल्याण-डोंबिवलीहून लोक बरणीत पू नाहीतर थुंकी घेऊन यायचे आणि चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, ‘टिपणीस लॅब, नाखवाबाई.’

माझं घर कोपरीला. वडील गोमाजी नाखवा खाडीत होडी घालायचे. आमच्या आळीत बी. एस्सी. झालेली पहिली मुलगी मी. लग्न केलं नाही. त्या टेबलापाशी बसलं की मला कशाचीच उणीव वाटायची नाही, हे आज सांगितलं तर पटणार नाही, पण खरं आहे.

काम काय असायचं ते आधी सांगते. अगरचा मीडिया, म्हणजे जंतूंचं खाद्य, गरम असताना काचेच्या प्लेटमध्ये ओतायचा. थंड झाला की तो खरवसासारखा थिजतो. त्यावर पेशंटचे जंतू पसरायचे आणि औषधात भिजवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या प्लेटवर जंतूंचा थर आलेला असतो, पण जे औषध त्यांना मारतं त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल राहतो. तो गोल म्हणजे झोन. पट्टीने मोजायचा. मोठा झोन आला तर औषध चालेल, लहान आला तर चालणार नाही. त्यावर डॉक्टर पेशंटला इंजेक्शन देणार.

आता आपली प्लेट बरोबर आहे हे कशावरून? त्यासाठी कंट्रोल. म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा जंतू. आमच्याकडे हिरवट रंगाच्या, पिकल्या द्राक्षासारखा वास येणाऱ्या एका जंतूचा कंट्रोल होता. जखमेतला पू हिरवा झाला की हाच असतो. कार्बेनिसिलिन नावाच्या औषधाला त्याचा झोन अठरा ते चोवीस मिलिमीटरमध्ये यायलाच हवा. आला तर त्या दिवसाच्या प्लेटा बरोबर.

१९८३ साली तो जंतू वाळवून भरलेल्या पाच कुप्या डॉक्टरांनी मागवल्या होत्या. मी एकच उघडली. बाकी चार फ्रीजरमध्ये तशाच. कारण मी पहिल्या कुपीतला जंतू चार वर्षं जिवंत ठेवला होता, घरच्या विरजणासारखा. आजच्या प्लेटवरचा उद्याच्या प्लेटवर, उद्याचा परवाच्या. रविवारी, दिवाळीला, गणपतीत, चावी घेऊन मी कोपरीहून चालत यायचे, पाच मिनिटांचं काम करायचे आणि परत जायचे. डॉक्टर पाहुण्यांना सांगायचे, “आमच्या नाखवाबाईंचा कंट्रोल. एक दिवस खंड नाही.” आणि प्लेटा ओतायच्या त्या माझ्या नजरेने. मोजमाप नाही. झोन रोज एकोणीस, वीस. वहीत रांगेने एकोणीस, वीस लिहिलेलं.

जूनमध्ये शेवंती घाग आली. डोंबिवलीची, चोवीस वर्षांची, मूळ चिपळूणकडची. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात वर्षभर शिकलेली. तिला मायक्रोस्कोपच्या खोलीत कोपऱ्यात एक छोटं टेबल दिलं होतं, आणि पंधरा दिवसांत सगळी लॅब त्या टेबलाकडे तोंड करून बसली.

मला तिचा हेवा वाटायचा. दुसरा शब्द नाही त्याला. तिची साडी कधी चुरगळायची नाही, तिचं अक्षर छापल्यासारखं, आणि चुकलं तर ती हसून “चुकलं हं माझं” म्हणायची, जणू चुकणं ही शिंक येण्यासारखी गोष्ट. मी तेरा वर्षांत एकदाही असं म्हटलं नव्हतं.

आमच्याकडे पोपट म्हणून पन्नाशीचा माणूस होता. काचसामान धुणं आणि वापरलेल्या प्लेटा वाफेवर निर्जंतुक करणं त्याचं काम. त्या भांड्याला तो कुकर म्हणायचा. एके दिवशी मला म्हणतो, “बाई, कुकरात पाणी किती घालायचं ते आज शेवंतीताईंनी शिकवलं. तेरा वर्षं मी आपला अंदाजानेच घालत होतो.”

“आणि तेरा वर्षं मी तुला काय सांगत होते?”

“तुम्ही ओरडत होता, बाई. त्यांनी सांगितलं.”

ती ताई, आणि मी बाई. हेसुद्धा मी मनात धरून ठेवलं.

डॉक्टर रोज सकाळी आल्या आल्या माझ्या टेबलापाशी उभे राहायचे आणि विचारायचे, “काय म्हणतेय आपली मंडळी?” मंडळी म्हणजे जंतू. हा आमचा दोघांचाच विनोद होता. ऑगस्टमध्ये एका सकाळी मी खिडकीच्या खोलीतून ऐकलं, बाहेर शेवंतीच्या टेबलापाशी डॉक्टर विचारत होते, “काय म्हणतेय आपली मंडळी?” आणि ती म्हणाली, “आज रुसलीय, सर.” दोघं हसले. कोणी म्हणेल, डॉक्टरांवर जीव होता की काय बाईचा. तसं काही नव्हतं. तो प्रश्न माझा होता, एवढंच.

त्याच महिन्यात डॉक्टर मला म्हणाले, “नाखवाबाई, दिवाळीनंतर कल्चरचा चार्ज शेवंतीकडे द्यावा म्हणतो. अजून ठरवलं नाही. पण तुम्हालाही रक्ताच्या टेबलावर जरा आराम मिळेल.”

आराम! घरी जाऊन मी भाताचं पातेलं तसंच झाकून ठेवलं आणि जेवले नाही.

सप्टेंबरमध्ये शेवंती माझी वही चाळत होती. मी आत आले तर म्हणाली, “बाई, एक विचारू? हा कंट्रोल कुपीतून कधी काढलेला?”

“त्र्याऐंशीला.”

“नाही, म्हणजे आत्ताचा. शेवटची कुपी कधी उघडलीत?”

“सांगितलं ना. त्र्याऐंशीला. तोच आहे. एक दिवस खंड नाही.”

तिचं तोंड उघडंच राहिलं. “अगं बाई! चार वर्षं? आम्हाला तर दर महिन्याला नवीन कुपी काढायला लावायचे. रोज रोज पुढे नेला की तो बदलतो हो. ह्याच औषधाला दाद देईनासा होतो.”

“तुमच्या हॉस्पिटलात होत असेल. झोन बघ की वहीत. एकोणीस, वीस. कुठे बदललाय?”

ती वहीकडे बघत राहिली. “तेच कळत नाहीये,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना विचारून फ्रीजरमधली दुसरी कुपी उघडली आणि तो ताजा जंतू माझ्याच प्लेटवर लावला. झोन आला सत्तावीस. चोवीसच्या वर जायला नको होता.

“बाई, तुमच्या प्लेटा पातळ आहेत,” ती हळूच म्हणाली. “थर पातळ असला की औषध खाली मुरायला जागा नसते, मग आडवं पसरतं. झोन उगाच मोठा येतो.”

“तुझी कुपी खराब असेल. चार वर्षं फ्रीजरमध्ये पडलीय.”

“कुपीला काही होत नाही हो—”

“तुझं वय चोवीस ना? तेवढी वर्षं मी सायन्स शिकतेय.”

पोपट दारात उभा होता. तो हळूच निघून गेला. डॉक्टरांपर्यंत गोष्ट गेली, आणि ते नवरात्राच्या गडबडीत म्हणाले, “नंतर बघू. दोघी शांतपणे काम करा.”

पण तिचे शब्द माझ्या कानातून जात नव्हते. मला आठवलं की दोनेक वर्षांपूर्वी कंट्रोलचा झोन एकदा सतरावर आला होता. मी म्हटलं, प्लेट जाड ओतली गेली, म्हणून झोन लहान आला. दुसऱ्या दिवशी थोडी पातळ ओतली. एकोणीस आला. बरं वाटलं. काही महिन्यांनी पुन्हा सतरा, पुन्हा थोडी पातळ. आकडा जुळला की मी हात तसाच ठेवायचे. नवरात्रात, चौथ्या-पाचव्या माळेला, दुपारी शेवंती पुढच्या खोलीत डबा खायला बसली होती. बाहेर देवीच्या मंडपातले भोंगे चालू होते. मी एक कोरी प्लेट उचलली, सुई उभी खुपसली, ओल जिथवर लागली तिथे नखाने धरलं आणि पट्टीवर मोजलं. थर चार मिलिमीटरचा असायला हवा. माझा दोन होता.

म्हणजे जंतू बदलला होता, आणि त्याचा झोन जसजसा लहान होत गेला तसतशी मी प्लेट पातळ करत गेले होते. त्या एका जंतूपुरता हिशेब जुळत होता. पण त्याच पातळ प्लेटांवर मी सगळ्या पेशंटांचे जंतू लावत होते. त्यांचे झोन खोटे मोठे येत होते. जे औषध चालणार नाही ते चालेल असं मी लिहून देत होते. किती दिवस, किती जणांना, ते मोजायची माझी हिंमत झाली नाही.

मी प्लेट पोपटच्या बादलीत टाकली आणि हात धुतले.

त्याच दुपारी काळुराम केण्यांचा रिपोर्ट निघायचा होता. डोंबिवलीच्या एमआयडीसीत केमिकलच्या कारखान्यात ते दोन्ही हातांवर आणि छातीवर भाजले होते. जखमेतून हिरवा पू यायला लागला होता. आदल्या दिवशी मी त्यांचा जंतू माझ्या प्लेटवर लावला होता. कार्बेनिसिलिनचा झोन सतरा. सतराला ‘चालेल’ लिहितात. सोळाला लिहीत नाहीत.

डॉक्टर सहीला बसले. शेवंती प्लेट हातात घेऊन आली.

“सर, ह्याच्यावर विसंबू नका. मला उद्याचा दिवस द्या. मी माझ्या हाताने प्लेट ओतते आणि परत लावते.”

“भाजलेला पेशंट आहे, शेवंती. त्यांच्या हॉस्पिटलातून सकाळपासून दोनदा फोन आला.” डॉक्टरांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. “नाखवाबाई, तुमचं काय म्हणणं? तुम्ही म्हणाल तसं.”

‘तुम्ही म्हणाल तसं.’ किती महिन्यांनी ते मला असं म्हणाले होते. शेवंती माझ्याकडे बघत होती. विनवणीच होती तिच्या डोळ्यांत. आणि मला वाटलं, आता मी ‘ही म्हणते ते खरं’ म्हणाले की संपलं. दिवाळीचीसुद्धा वाट बघायला नको.

“माझी प्लेट बरोबर आहे, डॉक्टर,” मी म्हटलं. “कार्बेनिसिलिन द्या.”

त्यांनी सही केली.

रिपोर्ट न्यायला काळुरामांची बायको आली. भीमाबाई. नऊवारी, कपाळभर कुंकू, पायांत रबरी चपला. ठाकुर्लीच्या पुढच्या गावातली, शेतावरची बाई. माझं आडनाव तिने पाटीवरून कोणाकडून तरी वाचून घेतलं असावं.

“नाखवा म्हंजे तुमी आमच्यातल्याच की गो. कोली ना?”

“हो. कोपरीची.”

“मंग बरा झाला. बाय, ह्या दव्यानी मालकाला गुन येल ना?”

“येईल,” मी म्हटलं. “हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना लगेच नेऊन द्या.”

तिने कागद पिशवीत घातला नाही, पदरात बांधला.

पुढचे तीन दिवस मी कामात चुका केल्या नाहीत. सगळं नेहमीसारखं केलं. फक्त फोन वाजला की हातातलं काम टाकून दारापर्यंत जायचे. चौथ्या दिवशी हॉस्पिटलातून पुन्हा नमुना आला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘ताप उतरत नाही. जखम वाढते आहे. परत तपासा.’

शेवंती त्या दिवशी उशिरा येणार होती. मी मीडिया तापवला, प्लेट ओतली, आणि या वेळी पट्टी बाजूला धरून ओतली. पूर्ण चार मिलिमीटर. त्यावर काळुरामांचा जंतू लावला, सहा औषधांच्या चकत्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मोजलं. कार्बेनिसिलिन बारा. अमिकासिन एकवीस.

मग डॉक्टर आले. सांगायची हीच वेळ होती. मी तोंडही उघडलं. पण बाहेर आलं ते असं: “डॉक्टर, औषध चालू असतानाच जंतूने दाद देणं बंद केलंय. आधी सतरा होता, आता बारा. अमिकासिनवर जायला हवं.”

असं होतं. उपचार चालू असताना जंतू खरंच बदलतात. पुस्तकात आहे. म्हणूनच तर ते खोटं इतकं चांगलं बसलं.

डॉक्टरांनी लगेच फोन उचलला. ठेवला आणि म्हणाले, “वेळेत पकडलंत, नाखवाबाई. शाब्बास. उगाच नाही मी म्हणत.”

शेवंती दारात उभी होती. ती आत आली, टेबलावरची प्लेट उचलली, उजेडाकडे आडवी धरली आणि कडेने बघितली. मग माझ्यासमोर ठेवली.

“बाई, आज प्लेट जाड ओतलीत.”

मी प्लेटवर झाकण ठेवलं.

“डॉक्टरांना मी सांगणार नाही,” ती म्हणाली. “तुम्ही सांगा.”

मी सांगितलं नाही. ती पंधरवडाभर थांबली. रोज सकाळी माझ्याकडे एकदा बघायची आणि कामाला लागायची. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तिने राजीनामा दिला. कारण लिहिलं, ‘डोंबिवलीत घराजवळ नोकरी मिळाली.’ डॉक्टरांना वाईट वाटलं. मला म्हणाले, “हुशार होती पोरगी, पण जरा हट्टी. आता चार्जचा प्रश्नच उरला नाही.” पोपटने तिला निरोपाचं म्हणून आपल्या पैशाने श्रीखंडाचा डबा आणला होता. तिने तो उघडून आधी माझ्यापुढे धरला. मी घेतलं.

ती गेल्यावर मी सोमवारी माझी चार वर्षांची प्लेट पोपटच्या हातात दिली.

“बाई, ही तर रोजची. ही पण कुकरात?”

“हो. टाक.”

“मग आता रविवारचं यायला नको तुम्हाला.”

त्या दिवसापासून दर महिन्याच्या एक तारखेला मी नवीन जंतू काढायला लागले, आणि प्लेटा मोजून ओतायला लागले. डॉक्टरांना वाटलं, ही माझीच सुधारणा. पुढच्या वर्षी दक्षिणेतल्या एका संस्थेच्या तपासणीत आम्ही भाग घेतला. ते नाव न सांगता जंतू पाठवायचे आणि आपण ओळखून, औषधं लावून उत्तर कळवायचं. आम्हाला पैकीच्या पैकी मिळाले. डॉक्टरांनी ते पत्र फ्रेम करून माझ्या टेबलावर लावलं. खाली माझं नाव. पत्राकडे बघितलं की मला शेवंतीचाच राग यायचा. मीच इतकं वाईट वागूनसुद्धा मला तिचाच राग यायचा, याचं अजून नवल वाटतं.

पुढे कोणाचं काय झालं ते सांगते.

पोपट १९९४ पर्यंत होता. मग गुडघे गेले, तो शहापूरकडे मुलाकडे गेला. एकदा सून बाळंत झाली म्हणून पेढे घेऊन आला होता, तेव्हा त्याने मला ताई म्हटलं. त्यानंतर दिसला नाही.

डॉक्टर टिपणीस २००१ साली हृदयविकाराने गेले. मुलगा परदेशात. त्याने लॅब एका कंपनीला विकली. डॉक्टरांना मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. हॉस्पिटलात भेटायला गेले होते तेव्हा सांगू म्हटलं होतं, पण तिथे बाकीची माणसं होती.

शेवंतीने १९९३ साली कल्याणला स्वतःची लॅब काढली. १९९६ मध्ये ठाण्यात टेक्निशियन लोकांची एक सभा होती, तिथे तिचं भाषण होतं. कंट्रोल कसा सांभाळावा यावर. ती म्हणाली, “एका चांगल्या, अनुभवी हातातही ही चूक होऊ शकते, मी पाहिलंय.” नाव घेतलं नाही. चहाच्या वेळी ती माझ्याकडे येत होती. मी मागच्या जिन्याने खाली उतरले. आता तिच्या तीन शाखा आहेत असं ऐकते. केस पांढरे झाले असतील. साडी मात्र अजूनही चुरगळत नसेल.

काळुराम वाचले. अमिकासिनने दहा दिवसांत ताप उतरला, पण तोवर जखम खोल गेली होती. लावलेली कातडी दोनदा सुटली. उजव्या हाताची तीन बोटं आत वळली ती वळलीच. कारखान्याने गेटवर बसायचं काम दिलं. भीमाबाई दर वर्षी दिवाळीनंतर नवीन तांदळाची पिशवी घेऊन लॅबमध्ये यायची. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की नाखवाबाईंनी वेळेत पकडलं म्हणून तुमचा माणूस वाचला. “बाय, तुज्यामुलं गो,” म्हणायची आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवायची. अकरा वर्षं आली. अकरा वर्षं मी ती घेतली. एका वर्षी आली नाही, मग कळलं की तीच गेली.

मी २००४ साली निवृत्त झाले. कोपरीलाच असते. भाची जवळ राहते, रोज डोकावून जाते. निरोपाच्या दिवशी कंपनीच्या मॅनेजरने शाल दिली आणि सांगितलं की तीस वर्षं एकच टेबल सांभाळणारा माणूस आता मिळायचा नाही. कल्चरचा चार्ज शेवटच्या दिवसापर्यंत माझ्याकडेच होता.